सपाट बटणे आणि डोळस बोटे

घरातील आणि बाजारातील विजेच्या उपकरणांच्या दर्शनी भागाकडे तुम्ही कधी नीट निरखून पाहिले आहे काय? मिक्सरला फिरवायची खुंटी असते. ती एक, दोन, तीन अशा आकड्यांवर 'टक्, टक्' करीत थांबते. भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाची दांडी खाली गेली की दिवा लागला, वर आली की विझला, हे अंधारातही हाताला कळते. परंतु मायक्रोवेव्ह ओव्हन, इंडक्शन शेगडी, वाण्याच्या दुकानातील इलेक्ट्रॉनिक काटा किंवा रुग्णालयातील सलाइनचा वेग सांभाळणारे यंत्र पाहा. तेथे खुंटीही नाही आणि दांडीही नाही. प्लॅस्टिकचा एक गुळगुळीत रंगीत पत्रा चिकटवलेला असतो आणि त्यावर चौकोन छापलेले असतात. त्या चौकोनावर बोट दाबले की काम होते.

ह्या चौकोनाखाली जे असते, त्याला मेंब्रेन स्विच म्हणतात. आपण त्याला पापुद्र्यांची कळ म्हणू. कारण खरोखरच ती कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची बनलेली असते. ही कळ स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि तिच्यामागचे पदार्थविज्ञान नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज समजेल इतके सोपे आहे. त्याची ओळख तर आपण करून घेऊच. पण ह्या लेखाचा खरा हेतू वेगळा आहे. ही कळ बोटाला जाणवेल अशी करणे सहज शक्य असताना पुष्कळदा ती मुद्दाम सपाट ठेवली जाते. माझ्या मते ही केवळ दिसण्याची बाब नसून अन्यायाची बाब आहे. हे मत तुम्हाला पटते की नाही, ते पुढचे वाचून तुम्हीच ठरवा.

पापुद्र्यांची रचना

ह्या कळीत मुख्यतः तीन थर असतात. वरचा आणि खालचा असे दोन पापुद्रे पॉलिएस्टर ह्या प्लॅस्टिकचे. त्यांच्या एकमेकांकडे तोंड केलेल्या बाजूंवर चांदीचे सूक्ष्म कण मिसळलेल्या शाईने विजेच्या वाटा छापलेल्या असतात. लग्नपत्रिका ज्या पद्धतीने जाळीच्या पडद्यातून छापतात, त्याच पद्धतीने ह्या वाटा छापता येतात. म्हणजे येथे तारा जोडणे नाही आणि डाख देणेही नाही; सारे विद्युत्-मंडल छापखान्यात तयार होते.

दोन्ही पापुद्रे नुसते एकावर एक ठेवले, तर वाटा एकमेकींना चिकटतील आणि कळ कायमची चालू राहील. म्हणून त्यांच्यामध्ये तिसरा थर घालतात. हा जणू लग्नातला अंतरपाटच. त्याची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी असते आणि जेथे बटण हवे तेथे त्याला भोक पाडलेले असते. आपण वरून बोट दाबतो तेव्हा वरचा पापुद्रा भोकात वाकतो, त्याच्यावरील वाट खालच्या वाटेला टेकते आणि मंडल पूर्ण होते. बोट उचलताच पापुद्रा स्थितिस्थापकतेमुळे पुन्हा ताठ होतो आणि मंडल तुटते. भोकात अडकलेली हवा दाबाबरोबर बाहेर जावी म्हणून एका भोकातून दुसऱ्या भोकाकडे बारीकशा चरी ठेवलेल्या असतात.

ह्या तिन्ही थरांच्या वर चौथा पत्रा असतो. त्यावर रंग, आकडे आणि शब्द छापलेले असतात. ही छपाई पत्र्याच्या मागल्या बाजूने उलटी करतात, म्हणजे वर्षानुवर्षे बोटे घासूनही अक्षरे पुसली जात नाहीत. सर्व वाटा एकत्र येऊन एका चपट्या पट्टीतून यंत्रात शिरतात. कारागीर तिला शेपटी म्हणतात.

चांदीची शाई वापरली म्हणजे कळ महाग होईल, असे वाटेल. पण थर इतका पातळ असतो की चांदी फारच थोडी लागते. दमट हवेत मात्र ह्या चांदीचा त्रास होतो. बाष्प आत शिरले तर चांदीचे आयन एका वाटेकडून दुसरीकडे सरकू लागतात आणि कालांतराने दोन वाटा जोडल्या जाऊ शकतात. त्यासाठी चांदीवर कार्बनच्या शाईचा एक हात देतात आणि कडा घट्ट बंद करतात.

ओहमचा नियम काय सांगतो?

एक शंका तुमच्या मनात आली असेल. छापलेल्या वाटेचा रोध तांब्याच्या तारेपेक्षा कितीतरी जास्त असणार. मग ही कळ काम कशी करते? शंका योग्य आहे. अशा वाटेचा रोध सहज १०० ओहम भरू शकतो. आता हिशेब करू. यंत्रातील छोटा संगणक, म्हणजेच मायक्रोकंट्रोलर, ५ व्होल्टवर चालतो असे धरा आणि कळीच्या मंडलात १०,००० ओहमचा रोधक घातला आहे असे माना. कळ दाबल्यावर प्रवाह येईल सुमारे ५ ÷ १०,००० = ०.०००५ अँपिअर, म्हणजे अर्धा मिलिअँपिअर. १०० ओहमच्या वाटेवर खर्च होणारे विभवांतर फक्त ०.०५ व्होल्ट. ५ व्होल्टपुढे ते नगण्य आहे. मायक्रोकंट्रोलरला 'दाबले' आणि 'न दाबले' एवढाच फरक ओळखायचा असतो, तो स्पष्ट कळतो.

पण हीच कळ १००० वॉटच्या शेगडीला थेट जोडली तर? २३० व्होल्टवर तिला ४ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. चांदीची ती बारीक वाट क्षणात जळून जाईल. म्हणून ह्या कळीने मोठ्या प्रवाहाला हात लावायचा नसतो. तिने फक्त निरोप द्यायचा. मोठा प्रवाह चालू-बंद करण्याचे काम रिले किंवा ट्रान्झिस्टर करतो. जुन्या यंत्रांमध्ये बटण स्वतःच प्रवाह तोडत असे, म्हणून ते दणकट आणि ठसठशीत असावेच लागे. इलेक्ट्रॉनिक्सच्या युगात बटण निरोप्या झाले आणि म्हणूनच ते पातळ होऊ शकले.

निरोप नेण्यासाठी तारा तरी किती लागतात? १६ बटणांना प्रत्येकी स्वतंत्र तार आणि एक सामाईक तार धरली तर १७ होतात. पण बटणे चार आडव्या ओळी आणि चार उभ्या ओळींच्या छेदांवर मांडली, तर ८ वाटा पुरतात. मायक्रोकंट्रोलर एकेका आडव्या ओळीत क्रमाने संकेत पाठवतो आणि तो कोणत्या उभ्या ओळीतून परत येतो ते पाहतो. दुसऱ्या ओळीचा संकेत तिसऱ्या स्तंभातून आला, की दाबलेले बटण कोणते ते ठरले. ही तपासणी सेकंदात कित्येक वेळा होत असल्याने आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

एका संगणकाची गोष्ट

१९८१ साली ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने झेडएक्स ८१ नावाचा घरगुती संगणक विक्रीस आणला. तयार संगणकाची किंमत होती ६९ पौंड ९५ पेन्स. सुटे भाग घेऊन घरी जोडला तर ४९ पौंड ९५ पेन्स. सामान्य कुटुंबाला परवडेल असा संगणक करायचा तर प्रत्येक भागात काटकसर हवी. त्यातली एक काटकसर कळफलकात झाली. चाळीस कळांचा तो फलक पापुद्र्यांचा आणि संपूर्ण सपाट होता. कळ खाली जात नसे, 'टक्' होत नसे. अक्षर उमटले की नाही हे पाहण्यासाठी मान सारखी पडद्याकडे वळवावी लागे आणि पुढची कळ शोधण्यासाठी पुन्हा खाली. संगणक लाखांनी खपला, पण त्यावर बसवायचे वेगळे, खरे कळफलकही इतर उत्पादक विकू लागले.

पुढच्याच वर्षी, १९८२ साली, ह्याच कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. त्याच्याही पोटात पापुद्र्यांचीच कळ होती, परंतु वर मऊ रबराची उंच बटणे बसवली होती. आज तुमच्या शाळेच्या संगणककक्षात जे साधे कळफलक आहेत, त्यांपैकी बहुतेकांत हीच रचना आहे. एखादा बिघडलेला कळफलक शिक्षकांच्या परवानगीने उघडून पाहा. आत तीन पारदर्शक पापुद्रे आणि त्यांच्यावर रबराच्या छोट्या टोप्या दिसतील.

ह्या उदाहरणातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. सपाटपणा हा पापुद्र्यांच्या कळीचा अटळ दोष नाही. तीच कळ बोटाला काहीही न सांगणारी करता येते आणि तीच बोलकीही करता येते. बोलकी करण्याचे सोपे उपाय आहेत. वरचा पत्रा साच्यात उष्णतेने दाबून बटणाच्या जागी थोडा उचलता येतो. मिलिमीटरचे काही दशांशही पुरतात. भोकात स्टेनलेस स्टीलची छोटीशी घुमटी ठेवता येते. गोड्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याची फुगीर बाजू अंगठ्याने दाबली तर ती काही वेळ विरोध करते आणि मग एकदम 'टडक्' करून आत जाते, हे तुम्ही अनुभवले असेल. घुमटीचे तसेच आहे. ठराविक बलापर्यंत ती तग धरते, ते ओलांडले की एकदम लवते आणि बोटाला झटका जाणवतो. अशा चांगल्या घुमट्या दहा लाख वेळा दाबल्या तरी टिकतात.

बोटाची शक्ती

बोटाला आपण फार कमी लेखतो. बोटाच्या टोकाच्या कातडीत स्पर्श जाणणाऱ्या अनेक प्रकारच्या सूक्ष्म संवेदक रचना असतात. काही दाब ओळखतात, काही कातडीचे ताणणे ओळखतात, तर काही कंपने ओळखतात. सेकंदाला सुमारे २५० कंपनांना त्या सर्वांत अधिक दाद देतात. २०१३ साली स्टॉकहोम येथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संशोधकांनी दाखवून दिले की, अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि गुळगुळीत पृष्ठभाग ह्यांतला फरक माणसाचे सरकते बोट ओळखू शकते. माणसाचा केस ह्याच्या हजारो पट जाड असतो!

लुई ब्रेल (१८०९–१८५२) यांनी ह्याच शक्तीवर सहा ठिपक्यांची लिपी उभारली. तिच्यातला ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच असतो. जुन्या फोनच्या ५ ह्या आकड्यावरचा बारीक उंचवटा किंवा संगणकाच्या कळफलकावर एफ आणि जे ह्या कळांवरच्या रेघा ह्याच तत्त्वाच्या. त्या अंधांना उपयोगी आहेतच, पण न पाहता टंकलेखन करणाऱ्या प्रत्येक माणसाला त्या वाट दाखवतात.

तर मग चांगल्या बटणाने काय काय करावे? माझ्या मते तीन गोष्टी. ते बोटाला सापडावे. त्याच्यावर बोट नुसते ठेवल्याने ते सुरू होऊ नये. आणि दाबले गेले की त्याने बोटाला पोच द्यावी. ह्यातली दुसरी अट वरवर क्षुल्लक वाटते, पण तीच सर्वांत महत्त्वाची आहे. न पाहणारा माणूस आधी चाचपतो आणि मग दाबतो. त्याच्यासाठी चाचपणे हेच पाहणे असते. घुमटी असलेली कळ दाबायला २०० ते ४०० ग्रॅम वजनाइतके बल लागते. त्याहून हलक्या हाताने तिच्यावरून बोटे फिरवली तर काहीच बिघडत नाही. म्हणून ती चाचपू देते.

ज्या काचेच्या फलकांना नुसता स्पर्श पुरतो, त्यांचे काम निराळे चालते. काचेखाली विद्युत्-धारकासारखी रचना असते. बोट जवळ येताच तिची धारकता बदलते आणि यंत्र त्याला आज्ञा समजते. बल शून्य असले तरी चालते. म्हणजे ज्याने शोधण्यासाठी बोट टेकवले, त्याने नकळत आज्ञा देऊनच टाकली! पाहणे आणि करणे ह्यांत तेथे अंतरच उरत नाही.

कोणाचे काय अडते?

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीचे अपंगत्व असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. ह्यांत वयोमानाने नजर मंदावलेले सर्व आजी-आजोबा धरलेले नाहीत. ह्या सर्वांना स्वयंपाक करायचा असतो, कपडे धुवायचे असतात, पैसे द्यायचे असतात.

आमच्या शेजारच्या एका काकूंची दृष्टी मधुमेहामुळे जवळजवळ गेली. त्यांच्या ओव्हनचा पत्रा अगदी सपाट. त्यांनी सूनबाईंकडून दोन बटणांवर खड्याच्या टिकल्या चिकटवून घेतल्या. 'सुरू'वर एक आणि 'बंद'वर दोन. तेव्हापासून दूध गरम करायला त्यांना कोणाची वाट पाहावी लागत नाही. मला ह्या टिकल्यांचे कौतुक वाटते आणि कारखानदाराचा रागही येतो. जी गोष्ट टिकलीने साधते, ती पत्रा साच्यातून काढताना साधणे काय कठीण होते? साचा एकदाच करावा लागतो; नंतरच्या प्रत्येक पत्र्यावर उंचवटे त्याच्याच बळावर उठतात.

ओव्हनचे एक वेळ राहू द्या. दुकानात कार्डाने पैसे देताना गुप्त आकडा टाकावा लागतो. ज्या यंत्राला खरी बटणे आहेत आणि ५ वर उंचवटा आहे, तेथे अंध व्यक्ती हा आकडा स्वतः टाकू शकते. पण आकडे केवळ काचेवर उमटतात अशी यंत्रेही आता दिसतात. त्यातून काही बोलण्याची सोय नसेल, तर त्या व्यक्तीला आपला गुप्त आकडा दुसऱ्याला सांगावा लागतो. तो मग गुप्त कसला? येथे प्रश्न सोयीचा राहत नाही. स्वतःचा व्यवहार स्वतः करण्याच्या हक्काचा होतो.

डोळस माणसांचेही सपाट फलकामुळे अडते. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची जॉन एस. मॅक्केन ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. चौकशीत प्रशिक्षणातील आणि देखरेखीतील त्रुटी हे मुख्य कारण ठरले. परंतु सुकाणू व इंजिनांचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या स्पर्शपडद्याच्या रचनेमुळे चुकीची शक्यता वाढली, असेही चौकशी करणाऱ्यांनी नमूद केले. दोन इंजिनांचे वेग एकत्र बदलत आहेत की वेगवेगळे, हे हाताला कळण्याचा मार्गच नव्हता. २०१९ साली नौदलाने अशा जहाजांवर वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसविण्याचे ठरवले. मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप ह्या युरोपीय संस्थेनेही २०२६ पासूनच्या आपल्या कसोट्यांत वळणाचे दिवे, भोंगा, काचपुसणी अशा गोष्टींसाठी खरी बटणे किंवा दांड्या असण्याला महत्त्व दिले आहे. वाहन हाकताना डोळे रस्त्यावर हवेत. तेव्हा कळ शोधण्याचे काम बोटांनीच केले पाहिजे.

दुसरी बाजू

सपाट पत्र्याच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. बटणांच्या फटींत पीठ, तेल, धूळ साचते. रुग्णालयात यंत्र जंतुनाशकाने वारंवार पुसावे लागते. तेथे अखंड पत्र्यासारखी सोय नाही. पावसाळ्यात कोकणातल्या दुकानातला काटा फटीविनाच अधिक टिकेल. हे सर्व मान्य. पण अखंड पत्रा आणि सपाट पत्रा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साच्यातून उठवलेला उंचवटा त्याच पत्र्याचा भाग असतो. त्याला फट नसते, तोही फडक्याने पुसता येतो. स्वच्छतेसाठी पत्रा अखंड असणे आवश्यक आहे, सपाट असणे नव्हे.

दुसरा आक्षेप असा की काचेच्या पडद्यावर हवी ती भाषा आणि हवे ते चित्र आणता येते. छापलेल्या पत्र्यावर ते जमत नाही. हेही खरे. शिवाय काच अंधांना नेहमीच परकी असते असे नाही. २००९ सालच्या आयफोनमध्ये पडदा वाचून दाखवण्याची सोय आली. एकदा स्पर्श केला की फोन त्या जागेचे नाव उच्चारतो आणि दोनदा टिचकी मारली की आज्ञा पाळतो. म्हणजे चाचपणे आणि दाबणे ह्यांतले हरवलेले अंतर तेथे आवाजाच्या साहाय्याने परत आणले गेले. आज असंख्य अंध व्यक्ती असे फोन सफाईने वापरतात. आपल्या बँकांच्या पैसे देणाऱ्या यंत्रांच्या बाबतीतही, १ जुलै २०१४ पासून बसविण्यात येणारी नवी यंत्रे बोलणारी आणि ब्रेल कळांची असावीत, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. तेव्हा माझा विरोध काचेला नाही; मुक्या काचेला आहे. जेथे यंत्र बोलते, तेथे काच चालेल. पण शेगडी, धुलाईयंत्र, काटा ह्यांना आवाज देण्यापेक्षा उंचवटा देणे कितीतरी सोपे आणि स्वस्त आहे.

छपाईची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक सांगतो. वरचा पत्रा छापलेला असतो, म्हणून त्यावरचे शब्द बदलण्यासाठी यंत्राच्या आत काहीही बदलावे लागत नाही; छपाईचा पडदा तेवढा वेगळा लागतो. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या शेगडीवर 'उकळा', 'तळा', 'बंद' असे मराठीत छापणे मुळीच अवघड नाही. उंचवटा ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी, आणि मराठी अक्षर ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी. दोन्हींत आडवा येतो तो खर्च नव्हे, बेपर्वाई.

कायदा आणि आपण

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ह्या कायद्यात, रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेची उपलब्ध व्हावीत, ह्यासाठी शासनाने उपाय योजावेत असे म्हटले आहे. कायदा चांगला आहे. पण दुकानात उपकरण घेताना आपण रंग पाहतो, किंमत पाहतो, विजेच्या बचतीचे तारे मोजतो. 'डोळे मिटून हे सुरू करता येईल का?' असा प्रश्न विचारणारा ग्राहक मला अजून भेटलेला नाही. गिऱ्हाइकाने विचारले नाही तर दुकानदार कारखान्याला कळवत नाही आणि कारखाना साचा बदलत नाही. विजेच्या बचतीचे तारे पाहायला आपण शिकलो, तसे हेही शिकता येईल.

करून पाहा

ह्या विषयावर वर्गात दोन गोष्टी करता येतील. पहिली, कळ स्वतः बनवण्याची. जुन्या फाइलच्या प्लॅस्टिकच्या वेष्टनाचे पोस्टकार्डाएवढे दोन तुकडे घ्या. प्रत्येकाच्या एका बाजूवर स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या चकचकीत कागदाची पट्टी चिकटवा. पट्टीचे टोक बाहेर येऊ द्या. मध्ये पोस्टकार्डाचा तुकडा घालून त्याला रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडा. पट्ट्या एकमेकींकडे तोंड करून आणि भोकावर एकमेकींसमोर येतील अशा ठेवा. दीड व्होल्टचे दोन विद्युत्-घट, १०० ओहमचा रोधक आणि एक लाल एलईडी ह्यांच्याशी ही कळ एकसरीत जोडा. भोकावर दाबले की एलईडी लागला पाहिजे. एलईडी उलटा जोडला गेला तर लागत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता मोजमाप करा. भोकावर खोडरबराचा छोटा तुकडा ठेवा, त्यावर प्लॅस्टिकचा हलका पेला ठेवून त्याला हाताचा नुसता आधार द्या आणि मापाने थोडे थोडे पाणी ओता. एक मिलिलिटर पाण्याचे वस्तुमान एक ग्रॅम. किती पाण्याला एलईडी लागला? मग एकाऐवजी दोन, तीन पोस्टकार्डे घाला. नंतर भोक लहान करा. बल कसे बदलते त्याचा तक्ता करून आलेख काढा. पेल्याचे वजन मिळवायला विसरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे पाहणी. घरातील सर्व विद्युत् उपकरणांची यादी करा. उपकरणाची पिन काढून, डोळ्यांवर रुमाल बांधून, प्रत्येकाचे 'सुरू' आणि 'बंद' बटण बोटांनी सापडते का ते पाहा. यंत्र सुरू झाल्याचे बोटाला किंवा कानाला कळते का, हे मात्र मोठ्यांच्या देखरेखीखाली तपासा. गरम होणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत हा प्रयोग मुळीच करू नका. चाळीस विद्यार्थ्यांच्या चाळीस याद्या एकत्र केल्या, की आपल्या गावातील उपकरणांचे एक प्रामाणिक चित्र तयार होईल. शिक्षकांनी ते फळ्यावर मांडावे. जी उपकरणे नापास झाली, त्यांच्या उत्पादकांना वर्गातर्फे पत्र लिहावे: तुमच्या यंत्राची अमुक दोन बटणे हाताला सापडत नाहीत, ती उचलून द्यावीत. चाळीस घरांची मोजणी जोडलेले पत्र कोणत्याही कारखान्याला सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

आणि उत्तर येईपर्यंत? घरात ज्यांची नजर मंद झाली आहे त्यांना विचारा, कोणते बटण सापडत नाही. त्या बटणावर एक खड्याची टिकली लावून द्या.